जुन्या तारखेची काच

४ फेब्रुवारी

दादा,

वर काय लिहावं यातच दोन कागद वाया गेले. आठ वर्षांत तुझी दोन पत्रं आली, मी एकालाही उत्तर दिलं नाही. आता 'तीर्थरूप' वगैरे लिहिलं तर तूच हसशील. तुझा फोन नंबर आहे माझ्याकडे, मावशीनं दिला. पण फोन केला तर तू उचलशील, या भीतीनं पत्र लिहितेय.

आधी आईचं सांगते. आई आहे. चौथ्या मजल्यावर, त्याच मागच्या खोलीत. हृदय फार थकलंय. दिवसातले सोळा-सतरा तास नाकात नळी असते आणि उशाशी ऑक्सिजनचं यंत्र घरघरत असतं. दहा पावलं चालली की ओठ निळे पडतात. जीभ मात्र तुझ्या वेळेइतकीच धारदार आहे. काल म्हणाली, "केस विंचरतेस की भिंत घासतेस?"

भिंतीचं बोलली, कारण मी आता तेच काम करते. तू गेलास तेव्हा मी टायपिंग करत होते. आता जुन्या इमारती तपासणाऱ्या एका कचेरीत आहे आणि तडे बघते. हसू नकोस, खरंच नोकरी आहे. तड्यावर आडवी एक पातळ काचेची पट्टी ठेवायची, बोटभर रुंद, वीतभर लांब. दोन्ही टोकं प्लास्टरनं चिकटवायची, वर त्या दिवसाची तारीख घालायची आणि रोज जाऊन बघायचं. तडा केसभर जरी हलला तरी काच तुटते. आमचे साहेब म्हणतात, माणसं खोटं बोलतात, काच बोलत नाही.

अशी एक काच मी आपल्याच इमारतीत लावली आहे. तळमजल्यावर एक बाई शिवणकामाचं दुकान चालवते. सगळे तिला शिवणबाईच म्हणतात. तू तिला पाहिलेलं नाहीस. तिच्या दुकानातल्या मधल्या खांबाला डिसेंबरात तडा गेला. साहेबांनी हातोडी मारून पाहिलं तर खांब एका बाजूनं पोकळ वाजला. आत सळई गंजली आहे, पण किती, ते बाहेरून कळत नाही. इमारत दहा वर्षं उभी राहील किंवा दहा दिवसही राहणार नाही, छातीठोक कोणीच सांगत नाही. म्हणून साहेबांनी सगळ्यांना बसवून नियम केला: काच तुटली की त्याच दिवशी इमारत रिकामी करायची. बावीस बिऱ्हाडांनी सह्या केल्या. घाबरलेला माणूस नीट विचार करत नाही, म्हणून नियम डोकं शांत असतानाच करून ठेवायचा, असं त्यांचं म्हणणं.

तुला विचारायचं ते एवढंच. समज, तशी वेळ आली, तर आईला चार जिने खाली न्यायचं की नाही? लिफ्ट नाही. तू मोठा आहेस म्हणून विचारते. नुसतं विचारतेय. काच ठीक आहे. १८ जानेवारीची तारीख आहे तिच्यावर आणि मी रोज सकाळी बघते.

तुझी धाकटी


८ फेब्रुवारी

दादा,

तुझ्या उत्तराची वाट न बघता पुन्हा लिहितेय. राहवत नाही.

डॉक्टर येऊन गेले. मी त्यांना जिन्यात गाठून विचारलं, हिला खुर्चीत बसवून खाली नेलं तर? ते म्हणाले, अशी दहा माणसं हलवली तर आठ जण ठीक राहतात, दोघांचं बिघडतं. लगेच नाही, पण त्या आठवड्या-दोन आठवड्यांत. न हलवता, जपलं तर आई वर्ष काढतील. मी म्हटलं, डॉक्टर, आई दहा नाहीत हो, एकच आहे. त्यांनी माझ्या खांद्यावर थोपटलं आणि उतरून गेले. चपला जोरात वाजवत उतरले. आता जिन्यात कोणी पाय आपटला तरी मला घाम फुटतो.

तुला माझी दशा सांगते, म्हणजे तू तरी हसशील. मी जिना चवड्यांवर चढते. माझ्या पन्नास किलोंनी काय होणार, पण चढते. तिसऱ्या मजल्यावर एक पहिलवान राहतो, दारं उघडी टाकून वजनं उचलतो आणि धपकन खाली टाकतो. त्याला जाऊन सांगितलं, आईला आवाजाचा त्रास होतो. बिचारा आता वजनं गादीवर ठेवतो. पाण्याचा पंप सुरू झाला की मी भिंतीला हात लावून उभी राहते. थरथर पंपाची की भिंतीची, हे मला कळत नाही. कळायला हवं, माझं कामच आहे ते.

आईचा पलंग मी खिडकीकडून दाराकडे आणलाय, चौकटीच्या जवळ. तिला सांगितलं, वारा चांगला येतो. म्हणाली, "वारा खिडकीतून येतो. दारातून माणसं येतात."

अजून एक. शिवणबाईनं इस्त्रीचं टेबल खांबाजवळ सरकवलंय. टेबलाचा कोपरा लागला तरी काच तुटू शकते. प्लास्टर वाळताना आकसलं तरी तुटू शकते. कामावर असं दोनदा झालंय, दोन्ही वेळा तडा जागचा हललेला नव्हता. म्हणजे तुटलीच तर लगेच आभाळ कोसळलं असं होत नाही. तुटली असं मी म्हणत नाहीये.

तू लवकर लिही. नुसतं हो की नाही लिहिलंस तरी चालेल.

धाकटी


१४ फेब्रुवारी

दादा,

तुझं पत्र आलं. चार ओळी. मी त्या इतक्या वेळा वाचल्या की आता न बघता लिहू शकते. 'आईला हलवायचं की नाही हे मी सांगणार नाही. सांगितलं आणि वाईट झालं तर तू मला दुसऱ्यांदा तेच म्हणशील, आणि ते दुसऱ्यांदा ऐकायची ताकद माझ्यात नाही. तू आईला विचारलंस का? आणि काच कधी तुटली?'

आधी मी संतापले. म्हटलं, आठ वर्षं लांब राहून याला लांबूनच शहाणपण सुचतंय. मग शेवटची ओळ पुन्हा वाचली. मी न विचारता 'काच ठीक आहे' लिहिलं आणि तू चार ओळींत मला पकडलंस. लहानपणी बरणी फोडून मी अशीच न विचारता सांगायचे, बरणी फळीवर आहे म्हणून.

काच ३१ जानेवारीला तुटली. सकाळी सव्वाआठला. शिवणबाई अजून आली नव्हती, म्हणून मी माझ्याकडच्या किल्लीनं दुकान उघडलं. टॉर्च मारला तर काचेच्या मधोमध चीर. नखानं चाचपून पाहिलं, चीरच होती. मी त्याच वेळी साहेबांना फोन करायला हवा होता. दुपारपर्यंत इमारत रिकामी झाली असती. मी खाली बसले. डोक्यावर चार मजले, आणि सगळ्यात वर आई, नाकात नळी घालून. मग मी पिशवीतून नवी पट्टी काढली, जुनी खरवडली, नवी लावली आणि पेन काढून तिच्यावर तारीख घातली. १८ जानेवारी. चुकून नाही, दादा. अक्षरसुद्धा पहिल्यासारखं काढलं. हाताला जराही कंप नव्हता.

काच खोटं बोलत नाही. माझ्या हातात आल्यावर तिलाही बोलावं लागलं.

त्या दिवसापासून मी रोज स्वतःला समजावते. टेबलाचा धक्का लागला असेल. प्लास्टर आकसलं असेल. नवी काच चौदा दिवस टिकली आहे, म्हणजे तडा थांबला असेल. आणि रोज मोजते. आपल्या इमारतीत एकाहत्तर माणसं आहेत. आई धरून एकाहत्तर. शिवणबाई दिवसभर त्या खांबाला पाठ टेकून शिवते, कारण तिथे कंबर दुखत नाही. मी तिला म्हटलं, खिडकीशी बसा, उजेड आहे. ती म्हणाली, "ताई, तुम्ही रोज बघून जाता ना, मग मला कसली भीती?" मी मान हलवली. इकडे आड तिकडे विहीर असं आपण सहज म्हणतो. मी माझ्यापुरतं आडात पडायचं टाळलं आणि विहिरीच्या काठावर सत्तर माणसं उभी केली, त्यांना न सांगता.

आता तुझी दुसरी गोष्ट. मी तुला पत्र का लिहिलं? तू 'हलव' म्हणाला असतास आणि आईचं बरंवाईट झालं असतं तर ते तुझ्यामुळे झालं असतं. तू 'नको हलवूस' म्हणाला असतास आणि इमारत पडली असती तरी तुझ्यामुळेच. मला सल्ला नको होता. मला तू हवा होतास, नंतर बोट दाखवायला.

बाबांच्या वेळीही मी तेच केलं. पोटातली गाठ काढायची तर दहातले सात वाचतात, न काढली तर सहा महिने, असं सर्जननं सांगितलं. कागद आपल्या दोघांपुढे ठेवला होता. मी म्हटलं, दादा मोठा आहे. तू सही केलीस. तिसऱ्या दिवशी बाबा गेले आणि दवाखान्याच्या बोळात, मावशीसमोर, नर्ससमोर मी म्हटलं, "तुझ्या सहीनं गेले ते." हे वाक्य मी आज पहिल्यांदा कागदावर लिहितेय.

आईला विचारलं का, म्हणतोस. नाही विचारलं. उद्या विचारते. मला फार भीती वाटते, दादा.


१६ फेब्रुवारी

दादा,

हे नव्या जागेतून लिहितेय. कचेरीतल्या एका बाईच्या घरामागे तळमजल्याची एक खोली आहे, तिथे आम्ही आहोत. आई झोपली आहे. श्वास ठीक चाललाय. मी मिनिटातले मोजतेय.

काल सकाळी आईच्या पलंगावर बसले आणि म्हटलं, "आई, खालच्या खांबाला तडा गेलाय."

"पलंग चौकटीपाशी आणलास तेव्हाच कळलं," ती म्हणाली. "तू तीन वर्षांची असताना जमीन हादरली होती, तेव्हा तुझ्या बाबांनी आपल्याला त्याच चौकटीखाली उभं केलं होतं. मी म्हटलं, पोरगी सांगेल कधीतरी. पंधरा दिवस वाट बघतेय."

मग मी सगळं सांगितलं. गंजलेली सळई, डॉक्टरांचे आठ आणि दोन, सगळं. तिनं डोळे मिटून ऐकलं.

"दहातले आठ म्हणजे काही कमी नाहीत," ती म्हणाली. "या वयात मला कोण आठ देतंय?"

"आणि दोन, आई?"

"दोन आहेत ते आहेत. ते माझे मी बघते." मग तिनं डोळे उघडले. "खालच्या त्या बाईला किती सांगितलेस? तिचे दहातले किती?"

मी तिची चादर सारखी करायला लागले. तेवढ्यावरूनच तिला कळलं.

"म्हणजे माझ्या नावावर तू त्या बाईला खांबाला टेकवून बसवलंस," आई म्हणाली. "मला न विचारता. जीव माझा, धोका माझा, मग मला विचारायला तुझ्या जिभेला काय झालं होतं? तुमच्या बाबांनाही कोणी विचारलं नाही. तेही शुद्धीत होते त्या दिवशी."

दादा, हे मला आठ वर्षांत सुचलं नव्हतं. बाबा शुद्धीत होते. तू सही केलीस, मी शिव्या दिल्या, आणि ज्यांच्या पोटाचा प्रश्न होता ते आत पडून छताकडे बघत होते.

मी रडायला लागले तर म्हणाली, "रडायला नंतर वेळ आहे. आधी खाली जा. आणि माझा निळा स्वेटर काढून ठेव, जिन्यात गारवा असतो."

साहेबांना मी समोर बसून सांगितलं. त्यांनी आरडाओरडा केला नाही, तो केला असता तर बरं झालं असतं. "जुनी तारीख घातलीत?" एवढंच विचारलं आणि टोपी उचलून निघाले. साडेअकराला नोटीस लागली. चारपर्यंत माणसं गाद्या, भांडी, पंखे घेऊन रस्त्यावर आली होती. का, हे मीच प्रत्येक दारात जाऊन सांगितलं. कोणी दार आपटलं, कोणी तोंडावर थुंकल्यासारखं बोललं. शिवणबाई मशीनवर कापड झाकत होती. तिनं माझ्याकडे बघितलंही नाही. "पंधरा दिवस, ताई," म्हणाली. "रोज सकाळी चहा विचारत होते मी तुम्हाला."

आईला पहिलवानानं उतरवलं. मागून दोघांनी खुर्ची धरली, मी पुढे ऑक्सिजनचा सिलिंडर घेऊन उलटी उतरत होते. प्रत्येक वळणावर थांबलो. दुसऱ्या मजल्यावर तिचे ओठ निळे झाले, डोळे वर गेले, आणि माझ्या तोंडून "परत वर चला" निघालं. पहिलवान म्हणाला, "आता वर जायलाही दोनच जिने, खाली जायलाही दोनच. बोला." आईनं बोटानं खाली दाखवलं. आम्ही खाली आलो.

आज सकाळी तिनं चहा मागितला. साखर कमी म्हणून बोलली. दादा, वाटतं ती आठांतली आहे.


२४ मार्च

दादा,

आई दोनांतली होती. ते तुला फोनवर सांगितलं. २१ फेब्रुवारीला सकाळी, हलवल्यापासून सहाव्या दिवशी. तू पहिल्याच घंटीला फोन उचललास. इतक्या लांबून तुला वेळेवर पोचता येणार नव्हतं, हे मलाही माहीत होतं. शेवटचं फार त्रासाचं नव्हतं. माझा हात धरून होती. मागच्या खोलीची खिडकी नीट लावलीस का, असं विचारलं आणि मी हो म्हटलं. लावली होती.

महिना झाला. जे तुला फोनवर सांगता आलं नाही ते लिहिते.

इमारत उभी आहे.

नवी काचही शाबूत आहे. तीन वेगवेगळ्या लोकांनी खांब तपासला आणि तिघांनी तीन मतं दिली. एक म्हणतो पाडा, एक म्हणतो टेकू द्या आणि राहा, एक म्हणतो अजून बघू. सात बिऱ्हाडांनी परत जायचा अर्ज केलाय. पहिलवान रस्त्यात भेटला की नमस्कार करतो, बाकीचे बघत नाहीत. एक जण ऐकू येईल असं म्हणाला, एका काचेपायी सगळ्यांना देशोधडीला लावलं. शिवणबाईनं दुसरीकडे गाळा घेतलाय आणि मी गेले की आत निघून जाते, ते बरोबरच आहे. मला कचेरीत टेबलावर बसवलंय, तड्यांच्या कामावरून काढून. साहेब म्हणाले, "उशीर केलात ती चूक. हलवलंत ते बरोबर. इमारत शंभर वर्षं उभी राहिली तरी बरोबरच. तेव्हा जेवढं कळत होतं तेवढ्यावरच ठरवायचं असतं." मी मान डोलावली. डोक्याला पटतं. डोक्याखाली कुठेच उतरत नाही.

दिवस झाल्यावर मावशी आली होती. डोळे पुसत म्हणाली, "तिथंच राहिली असती तर वर्षभर तरी होती गं." वाईट मनानं नाही म्हणाली. पण बशी माझ्या हातातून पडली.

आता जे लिहिते ते साहेबांना सांगितलेलं नाही, कोणालाच नाही. रोज सकाळी कामावर जायच्या आधी मी वाट वाकडी करून त्या गल्लीत जाते. वळणापाशी आले की छाती धडधडायला लागते. आधी मला वाटायचं, इमारत पडली असेल या भीतीनं. तशी नाही. मी बघायला जाते की ती पडली का. आत कोणी नाही, कोणाला इजा होणार नाही, नुसती पडू दे. एकदा पडली की मी सगळ्यांना दाखवीन, बघा, हिच्याखाली आई गेली असती. आणि रोज ती उभी असते, खिडक्या लावलेली, आणि माझी निराशा होते. ज्या घरात आपण वाढलो ते कोसळावं म्हणून मी रोज सकाळी प्रार्थना करते, दादा. मला माझीच भीती वाटायला लागली आहे.

तेव्हा मला तू आठवलास. बाबा गेल्यावर तू बोळात सर्जनला धरून विचारत होतास, "न करता किती दिवस होते? खरं सांगा, न करता किती दिवस?" तीनदा विचारलंस. मला वाटलं तू सबबी शोधतोयस, आणि त्याच रागात मी ते वाक्य बोलले. परवा मी आईच्या डॉक्टरांकडे गेले होते. रांगेत बसून, नंबर लावून. आत जाऊन विचारलं, न हलवता किती दिवस होती? ते म्हणाले, सांगता येत नाही. मी उठले, दारापर्यंत गेले आणि परत येऊन तेच विचारलं.

तुला क्षमा मागायची तर शब्द पुरणार नाहीत, म्हणून मागत नाही. बाबा तुझ्या सहीनं गेले नाहीत, एवढंच लिहिते. उद्या कोणी सिद्ध केलं की ते ऑपरेशनशिवाय दहा वर्षं जगले असते, तरी ते तुझ्या सहीनं गेले नाहीत.

तू ये. मी बरोबर होते असं सांगायला येऊ नकोस. ते कोणालाच माहीत नाही आणि कधी कळणारही नाही. ते न कळता तू आठ वर्षं कसा जगलास, तेवढं मला सांग.

धाकटी